पिंगळीला मुद्दाम चुकवलेल्या गाड्या

आत्याबाई,

तुम्हाला जाऊन आज महिना झाला. भेटायला परगावच्या बाया अजून येतातच. "मल्लाप्पाची माय लय सोशिक," म्हणतात. "उभ्या जन्मात उंबऱ्याभाईर पाऊल न्हाई." मी कपबश्या उचलत मान हलवते. त्यांना काय सांगू? की ह्या सोशिक बाईनं माझ्यादेखत पिंगळीच्या ठेसनावर बसून, हातातली गरम भजी संपेपर्यंत, समोरची गाडी खुशाल जाऊ दिली?

लोकांना तुमचं काय आठवायचं ते आठवू दे. मला तुम्ही सून म्हणून घरात घेतलंत ते लग्नाच्या दिवशी नाही, त्या पिंगळीच्या दिवशी. म्हणून तिथूनच सुरू करते.

माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. पहिलं लेकरू सातव्या महिन्यात गेलं. वालूरहून माझी आई येऊन राहून गेली, वैद्याचे काढे झाले, अंगारे झाले. माझ्या पोटात अन्न ठरत नव्हतं. घास घेतला की डोळ्यांतून पाणी यायचं, मग तो घास तसाच हातात राहायचा. घरात कोणी मला रागावलं नाही, पण सगळे माझ्या ताटाकडे बघत बसायचे. त्या नजरांनीच माझी भूक मरायची.

एक दिवस दुपारी तुम्ही म्हणालात, "गंगू, लुगडं बदल. पिंगळीला जायचंय."

दुकानातून जेवायला आलेल्या ह्यांना तुम्ही सांगितलंत, "मावशीला बघून येताव. दिवस मावळायच्या आत परत."

परभणीहून पिंगळी ती केवढीशी लांब! गाडीत नीट टेकून बसेपर्यंत उतरायची वेळ. उतरलो, आणि तुम्ही गावाची वाट धरायची सोडून ठेसनाबाहेरच्या लिंबाखाली बसलात. तिथं एक म्हातारी कढई मांडून बसली होती. तुम्ही भजी घेतलीत, अर्धी माझ्या पदरात टाकलीत आणि शेतांकडे तोंड करून खायला लागलात. मावशीचं नाव नाही, गाव नाही. मी एक भजं खाल्लं. मग दुसरं. तुम्ही माझ्याशी ज्वारीच्या कणसांबद्दल बोलत होतात.

परतीची गाडी आली. मी उठले. तुम्ही बसूनच.

"आत्याबाई, गाडी यायलीय!"

"दिसायलीय मला."

"आपली हाय ती."

"आपली कशानं? तिला जायचंय तर जाऊ दे."

गाडी थांबली, दोन माणसं चढली, शिट्टी झाली आणि ती गेली. मग तुम्ही पदर झटकून उठलात आणि ठेसनमास्तरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "आगं बाई! गाडी चुकली की!" त्यांच्याकरवीच तारेनं परभणीच्या ठेसनावर निरोप धाडला, ठेसनावरच्या हमालानं तो दुकानात पोचवला, आणि ह्यांना वाटलं, माय आणि बायको मावशीकडे राहिल्या.

रुळाच्या पलीकडे मथुराबाईचं घर होतं. नवरा रेल्वेत होता, तो गेल्यावर तिनं घरातल्या दोन खोल्या वाटसरूंना द्यायला काढल्या होत्या. कापसाचे व्यापारी, कधी एखादा तलाठी, कधी गाडी चुकलेलं कुटुंब. खोली म्हणजे काय, चुन्यानं पांढऱ्या केलेल्या भिंती, शेणानं सारवलेली भुई, कोपऱ्यात पाण्याची घागर आणि दोन बाजा. पण बाजेवरच्या वाकळीला उन्हाचा वास होता आणि खिडकी उघडली की थेट शेत. त्या वाकळीत मी महिन्याभरानं पहिल्यांदा सकाळपर्यंत झोपले.

जाग आली ती मथुराबाईच्या हाकेनं. "पार्वतीबाई, पाणी तापलंय बरं का!"

पार्वतीबाई कोण, म्हणून मी दाराकडे बघितलं. तुम्ही "आले" म्हणालात. आत्याबाई, दोन वर्षं एका छताखाली राहून मला तुमचं नाव ठाऊक नव्हतं. घरात तुम्ही माय होतात, काकू होतात, आत्याबाई होतात. तुमच्या नावानं हाक मारणारं परभणीत कोणी उरलंच नव्हतं.

आंघोळ करून तुम्ही कपाळाला विभूती लावलीत, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन खिडकीशी पूजा केलीत, मग न्याहरीला बसलात. ऐसपैस, मांडी घालून. मी सवयीनं चुलीकडे गेले तर मथुराबाईनं उलथनं उगारलं. "तुमी बसा. इथं पाव्हण्यानं उठायचं नसतंय." तव्यावरून धपाटं थेट ताटात पडायचं, वर दही, बाजूला शेंगदाण्याची चटणी. तुम्ही म्हणायच्या, "आजून एक येऊ द्या." मी तीन खाल्ली. तुम्ही एकदाही माझ्या ताटाकडे बघितलं नाहीत. बघितलं असतंत तर मी थांबले असते.

येताना गाडीत मी विचारलं, "आत्याबाई, मावशी?"

"तिला जाऊन लय वर्सं झाली," तुम्ही म्हणालात, आणि खिडकीबाहेर बघत हसलात.

तिथून आपल्याला ती चटकच लागली. दोन-तीन महिन्यांनी कुठल्या तरी ठेसनावर आपली गाडी चुकायची. सेलूला मुसाफिरखान्याजवळ एक जोडपं राहायचं, ते पितळी पेल्यात आल्याचा चहा द्यायचं आणि अंगणात जाईच्या वेलाखाली बाज टाकायचं. मानवतला एका गुरवाच्या घरी माडीवरची खोली मिळाली, तिच्या जिन्यावरून तुम्ही बसत बसत उतरलात आणि खाली आल्यावर म्हणालात, "खोली झ्याक, जिना भिकार." पूर्णेला ढेकणांनी आपल्याला उजाडायच्या आत ठेसनावर आणून बसवलं. तुम्ही अंग खाजवत हसत होतात आणि मी चिडले होते. खोलीत शिरलं की आधी अंथरूण उलटून बघायचं, मग घागरीत हात घालून पाणी किती गार ते बघायचं, आणि घरधनिणीशी गोड बोलायचं ते त्यानंतर, हे तुम्ही मला शिकवलंत. माझ्या आईनं पोळ्या शिकवल्या होत्या. हे कुठल्याच आईनं कुठल्या लेकीला शिकवलं नसेल.

आणि बाहेर जाणं जमलं नाही की आपली गल्लीतली अमीनाबीची भट्टी होतीच.

तिच्यावरून आपण किती भांडलो! परसाच्या भिंतीपलीकडे तिचं अंगण, अंगणात जमिनीत पुरलेला मातीचा तंदूर. गल्लीतल्या बाया घरून कणीक मळून न्यायच्या, ती भाजून द्यायची. कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर बारीक चिरून नानावर बोटांनी दाबायची, तीळ भुरभुरायची, आणि लोखंडी सळईनं नान बाहेर काढून त्यावर लोण्याचा गोळा फिरवायची. तुम्ही तिच्या ओट्यावर बसूनच खायच्या. भर गल्लीत. लिंगायत वाण्याच्या घरातली म्हातारी!

मी आपल्या घरच्या कणकेचा नान खायची. तोही घरी आणून, दार लावून. तुम्ही मात्र पुढं पुढं अमीनाबीच्या हातच्या कणकेचाही खायला लागलात. ते मला सोसलं नाही.

"आत्याबाई, कणीक आपली तोवर ठीक. हे आपल्यात चालत न्हाई."

"तिनं कणीक कोणत्या पाण्यात मळली?"

"मला काय ठाऊक."

"गल्लीतल्या आडाच्या. तू कोणत्या पाण्यात मळतीस?"

"पाण्याचं येगळं, आत्याबाई."

"कसं येगळं ते सांग की."

मला सांगता यायचं नाही. पण पटायचंही नाही. तुम्ही रागवायच्या नाहीत, जबरदस्ती करायच्या नाहीत. चार दिवसांनी तोच विषय पुन्हा काढायच्या. असं आपलं सात-आठ वर्षं चाललं. मधल्या काळात उमा जन्मली, रांगली, चालायला लागली, तुमच्या मांडीवर बसून नानाचे तुकडे चोखायला लागली, तरी आपला वाद तिथंच.

आपल्या चुकलेल्या गाड्यांचं बिंग कसं फुटलं, ते आठवलं की मला अजून घाम येतो. मथुराबाईच्या शेजारच्या खोलीत एकदा कापसाचा एक व्यापारी उतरला होता. तो ह्यांना बाजारात भेटला आणि कौतुकानं म्हणाला, "तुमच्या मातोश्रींसारखी गप्पिष्ट बाई बघितली न्हाई. पिंगळीला नेहमीच येतात म्हणे."

हे घरी आले तेव्हा तुम्ही शेंगा सोलत होतात.

"माय, पिंगळीची मावशी कशी हाय?"

"बरी हाय."

"तिला मरून नऊ वर्सं झाली म्हणं. आज कळलं मला."

"मग बरीच असंल की."

मला हसावं की रडावं कळेना. ह्यांचा आवाज चढला. "वाण्याच्या घरच्या बायका पराया जागी झोपायल्या, गाव तोंडात शेण घालंल! मठात मला कुणी इचारलं तर काय सांगू? घरात काय कमी हाय तुला?"

तुम्ही शेंगांचं सूप बाजूला ठेवलंत. "मल्लू, कमी काय बी न्हाई. तुझ्या बापानं मला शिळं घातलं न्हाई, तू बी न्हाई. पर गरम बी मी कधी खाल्लं न्हाई. पंधराव्या वर्सी ह्या घरात आले. समद्यांचं झालं, जाळ इझला, की मग माझं ताट. तुझा बाप वाईट नव्हता रे, त्येला ठाऊकच नव्हतं. मथुराबाई मला बसवती आन तव्यावरचं ताटात टाकती. तिथं येवढंच हाय. दुसरं काय न्हाई."

हे न जेवता दुकानात गेले. दोन दिवस डबा दुकानातच मागवला. मला वाटलं, संपलं आता सगळं. तिसऱ्या दिवशी जेवताना मान खाली घालून म्हणाले, "अमावस्येला दुकान बंद असतंय. मी बी येऊ का?"

तुम्ही म्हणालात, "ये. पर पांघरूण तुझं तू आण. तुझे पाय लांब."

पिंगळीला हे ऊन खिडकीतून पायावर येईपर्यंत झोपले. मग धपाटी खाल्ली, किती ते मी सांगत नाही, मथुराबाईला पीठ पुन्हा मळावं लागलं. गाडीत बसल्यावर एवढंच बोलले, "दही गोड होतं." पण त्या दिवसापासून घरात तुम्ही आधी बसायला लागलात. मी तव्यावरची भाकरी तुमच्या ताटात टाकायची, मग तुम्ही उठून मला वाढायच्या. ह्यांनीच तसं सांगितलं. मठात त्यांना कोणी काही विचारलं की नाही, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

मग ते वाईट महिने आले. तुम्ही ते बघितलेत, तुम्हाला मी काय सांगू? गाड्या येतील त्या दिवशी यायच्या. गल्लीतली चार घरं कुलपं लावून निजामाच्या सरहद्दीपलीकडे निघून गेली. हे माझ्या वडलांना बघायला वालूरला गेले आणि तिकडेच अडकले. गावात कसल्या कसल्या अफवा. बाहेर पडायची सोय नव्हती. तुम्ही तापानं फणफणलेल्या, दाण्याचा डबा तळाला गेलेला, उमा भुकेनं किरकिर करणारी.

अशात परसाच्या भिंतीवरून हाक आली. "गंगू बेटी, पकडो." फडक्यात बांधलेले चार नान. अमीनाबीचा चेहरा भिंतीवर नाकापर्यंतच दिसत होता. "अम्मा को गरम पानी में भिगो के देना," म्हणाली आणि खाली उतरली. चार दिवस ती रोज भिंतीवरून बांधून देत राहिली. तिची माणसं तिला काय म्हणत असतील, कोण जाणे.

शुद्धीवर आल्यावर तुम्ही विचारलंत, "तू काय खाल्लंस?" मी म्हणाले, "घरात व्हतं थोडं." तुम्ही डोळे मिटलेत.

आत्याबाई, घरात काही नव्हतं. मी अमीनाबीचा नान खाल्ला. पहिल्या दिवशी उमाला भरवून उरलेला तुकडा, उभ्याउभ्या, परसात. दुसऱ्या दिवशी अख्खा, बसून. चांगला होता. लय चांगला होता. हे मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही जिंकला असतात. एवढ्याशासाठी नाही सांगितलं. आता ह्या महिन्याभरात परसात गेले की ते शब्द तोंडाशी येतात आणि ऐकायला तुम्ही नसता.

पुढं फौज आली, निजामाचं राज्य गेलं. गावात गुलाल उडाला, हे वालूरहून परत आले, आणि आपल्या गल्लीतली भट्टी थंड पडली. आता भ्यायची पाळी अमीनाबीची होती. तिचा जावई मुलीला घेऊन हैद्राबादेकडे गेला, तिनंही बोचकी बांधली. आठ दिवस तिच्या अंगणातून धूर निघाला नाही. तुमची छाती तेव्हा कफानं भरलेली, चार पावलं टाकली की धाप. तरी त्या सकाळी उठून बसलात. "गंगू, हात धर. भट्टीवर जायचंय."

मी तुमचा हात धरला आणि दुसऱ्या काखेत कणकेची परात घेतली. हट्टानंच घेतली. तिच्या हातचं चार दिवस खाऊनसुद्धा, चारचौघांत माझी कणीक आपलीच पाहिजे होती. तुम्ही परातीकडे बघितलंत.

अमीनाबी दार उघडेना. तुम्ही ओट्यावर बसलात आणि दम घेत घेत म्हणालात, "अमीना, भट्टी पेटव. मला भूक लागली."

आतून आवाज आला, "कौन खाएगा अब, अम्मा?"

"मी खाते. आन ही खाईल."

दार उघडलं. अमीनाबीचे डोळे सुजलेले. तिनं हात पसरले. "आटाच नहीं है घर में. मुठ्ठीभर भी नहीं."

तुम्ही माझ्या काखेतल्या परातीकडे बोट दाखवलंत.

ती तंदूर पेटवत होती तेव्हा गल्लीतल्या दारांतून डोकी बाहेर आली. पहिला नान तुम्ही घेतलात, दुसरा मला दिलात, तिसरा तिच्या हातात ठेवलात. भर गल्लीत, ओट्यावर, तिघी खात होतो. कोपऱ्यावरच्या शिंप्याची बायको बघून गेली आणि जरा वेळानं झाकलेली परात घेऊन परत आली. दुसऱ्या दिवशी आणखी दोन घरांतून कणीक आली. चौथ्या दिवशी अमीनाबीनं बोचकी सोडली.

घरी येताना तुम्ही माझ्या खांद्याला टेकून म्हणालात, "तुझ्या हट्टानं आज भट्टी पेटली बग." मग थांबून, दम खाऊन, "पर मला तुझं पटलं असं समजू नगंस."

तेव्हाच सांगायला हवं होतं. जिभेवर आलं होतं. पण तुम्हाला खोकल्याची उबळ आली, मी पाणी आणायला धावले, आणि नंतरचे दिवस औषधात आणि शेकात गेले. पंधरा दिवसांत तुम्ही गेलात. शेवटच्या दिवशी दुपारी तुम्हाला धपाटं हवं होतं. मी केलं. एक घास खाऊन म्हणालात, "मथुराबाईसारखं न्हाई. पर गरम हाय." माझ्याकडे त्याहून मोठी शाबासकी नाही.

रडायचं ते रडून झालं. आता पुढचं सांगते, कारण तुम्हाला ते ऐकायला जास्त आवडेल.

गाड्या वेळेवर सुटायला लागल्यात. मागच्या आठवड्यात मी ह्यांना म्हणाले, "मला गंगाखेडला जायचंय. दोन दिवस." आपण तिकडे कधी गेलो नव्हतो; गंगेकाठी, म्हणजे गोदावरीकाठी, चांगल्या जागा आहेत असं तुम्ही ऐकून होतात, तेवढंच. ह्यांनी कुठली मावशी आजारी आहे ते विचारलं नाही. म्हणाले, "उमाला घेऊन जा. मी अमीनाबीकडून नान आणीन." हे बोलताना आवाज अगदी साधा होता, जणू आपल्या घरात पिढ्यानपिढ्या बायका अशाच जात आल्यात.

उमा खिडकीला नाक लावून बसली होती. गंगाखेडला उतरलो, विचारत विचारत घाटाच्या वरच्या अंगाला एका म्हाताऱ्या जोडप्याकडे पोचलो. ओसरी लख्ख झाडलेली. मी आत शिरून आधी अंथरूण उलटून बघितलं, स्वच्छ होतं. म्हातारा दारात उभा राहून बघत होता. त्याच्याकडे येणारी बहुतेक माणसं दुःखाचीच असणार. तो हळू आवाजात म्हणाला,

"अस्थी सोडायला आलात का, माय?"

"न्हाई. आमच्यात मातीत ठेवत्यात."

"मग देवाचं काही? नवस?"

"न्हाई."

"कोर्टकचेरीचं काम?"

"काही काम न्हाई, बाबा. दोन दिवस राहायला आलाव. मी आन ही."

त्यानं माझ्याकडे बघितलं, उमाकडे बघितलं. मग हातातली किल्ली खुंटीला अडकवली आणि दुसरी काढली.

"मग ही खोली घ्या," म्हणाला. "हिच्यातून गंगा दिसती."